कॅड येतं पण कागदावर स्केच जमत नाही, त्यासाठी

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगा मेकॅनिकल डिप्लोमा करून कुपवाड एमआयडीसीत एका जॉबवर्कच्या शॉपमध्ये लागलाय, कॅड चांगलं येतं, पण मशिनपाशी उभं राहून मालक 'जरा काढून दाखव' म्हणाले की हात थरथरतो, सर्कलचा बटाटा होतो आणि शेजारचा लेथवरचा टर्नर गालातल्या गालात हसतो. हात सुधारायला काय करू, पेन्सिल कुठली घेऊ, आणि मोबाईलनं फोटो काढता येत असताना याची गरज तरी आहे का, असं त्यानं विचारलंय.

मी मिरज-कुपवाड पट्ट्यात बरीच वर्षं तुटका पार्ट बघून नवीन बनवून द्यायचं काम करतो. साखर कारखान्याचा कन्व्हेअर असो, हळदीचा पॉलिश ड्रम असो नाहीतर तासगाव साईडच्या द्राक्षबागेतला ब्लोअर असो, ड्रॉइंग कुणाकडंच नसतं. गिऱ्हाईक पोत्यात गुंडाळून दोन तुकडे आणतं आणि म्हणतं उद्या फवारणी हाय, बघा काय होतंय का. मग सगळं स्केचवरच चालतं. तर बघ, हात थरथरणं हा तुझा खरा प्रॉब्लेम नाहीच. लाइन जरा वाकडी आली म्हणून टर्नरचं काही अडत नाही, तो आकडा वाचतो. स्केच बिघडतं ते क्रम चुकल्यामुळं. तू बहुतेक वरच्या डाव्या कोपऱ्यातनं सुरू करून कडेकडेनं काढत जात असशील, आणि शेवटी बोअर, म्हणजे मधलं भोक, काढायची वेळ आली की जागाच उरत नाही, मग तो चेपून बसवायचा आणि सगळंच तिरकं दिसायला लागतं. आधी सेंटर लाइन, मग अख्खा जॉब ज्यात मावेल तो डबा, मग गोल, मग रिब-फिलेट (मजबुतीच्या पातळ पट्ट्या, कोपऱ्यातली गोलाई) वगैरे, आणि आकडे सगळ्यात शेवटी. हा क्रम अंगात मुरला की हात आपोआप बसतो.

पेन्सिलचं फार डोकं लावू नको. एक एचबी, एक २बी, पुरे. एचबीनं हलकं आखायचं आणि नक्की झाल्यावर त्याच लाइनवरनं २बीनं गडद करायचं, खोडरबर खिशात राहिला तरी चालतो, कारण हलकी लाइन कुणाला खुपत नाही. ०.५ची क्लच पेन्सिल ऑफिसात ठीक आहे पण शॉपमध्ये जोर पडला की शिसं तुटतं आणि ते शोधत बसायला वेळ नसतो. कागद साधा ए४, पाठकोरा असला तरी चालतोय, फक्त खाली कडक पॅड पाहिजे.

आता लाइन. दोन टिंब काढ, एक सुरुवातीला, एक शेवटाला. पेन्सिल कागदाला न टेकवता हवेतच दोन-तीनदा या टिंबापासून त्या टिंबापर्यंत फिरव आणि मग त्याच झोकात टेकवून ओढ. ओढताना नजर शेवटच्या टिंबावर ठेवायची, पेन्सिलच्या टोकावर नाही. नवीन पोरं टोकाकडं बघत बघत इंच-इंच सरकतात म्हणून लाइन केसाळ होते. छोटी लाइन असेल तर बोटं-मनगट चालतं, पण चार इंचाच्या पुढं गेली की कोपरापासून हात हलला पाहिजे, मोठ्या कागदावर तर खांद्यापासून. आणि कागद फिरवायला लाजू नको. प्रत्येकाचा हात एका दिशेला सरळ चालतो, ती दिशा शोध आणि कागद तिकडं वळव. परीक्षेत ड्रॉइंग शीट बोर्डला चिकटवलेली असते त्यामुळं कागद हलवायचा नाही अशी सवय लागून जाते, ती सोड.

शॉपमधली एक ट्रिक आहे जी वर्गात कुणी दाखवत नाही. उभ्या उभ्या पॅडवर कडेला समांतर लाइन पाहिजे असेल तर करंगळी पॅडच्या कडेला टेकव, पेन्सिल नेहमीसारखीच धर आणि करंगळी कडेवरनं घसरवत हात खाली ओढ. लाइन कडेला समांतरच येणार. बोटांमधलं अंतर कमीजास्त केलं की दुसरी समांतर लाइन. शाफ्टसारख्या लांबट जॉबला याच्याइतकं भारी काही नाही.

सर्कलला जरा जास्त वेळ देतो कारण सगळ्यांचं घोडं तिथंच अडतं. आधी सेंटर लाइनचा क्रॉस काढ, त्याच्याभोवती चौरस. चौरसाच्या चारही बाजूंचे मध्यबिंदू म्हणजे सर्कल तिथं टेकणार. मग कर्ण मार. सेंटरपासून कोपऱ्यापर्यंतच्या अंतराच्या साधारण ०.७वर, म्हणजे दोन तृतीयांशच्या जरा पुढं, टिंब दे. झाली आठ टिंबं. आता ती एकेक जोडत बसायचं नाही, हात हवेत गोल फिरवून दोन झटक्यांत अर्धा-अर्धा गोल काढायचा. मोठा गोल असेल तर कागदाच्या कपट्याच्या कडेवर त्रिज्येएवढ्या दोन खुणा कर, एक खूण सेंटरवर धरून कपटा फिरव आणि दुसऱ्या खुणेपाशी टिंबं देत जा. कंपास नाही, पण काम तेच होतं.

आयसोमेट्रिकमध्ये, म्हणजे ३० अंशाच्या तिरक्या लाइनींवर तिन्ही बाजू एकत्र दाखवणाऱ्या चित्रात, गोलाचा लंबगोल होतो आणि तिथं दहातली आठ पोरं चुकतात, कारण ती लंबगोल कुठल्याही दिशेला आडवा करतात. एकच नियम पाठ कर: लंबगोलाची आखूड बाजू नेहमी शाफ्टच्या दिशेनं. भोकातनं शाफ्ट आरपार घातला तर तो ज्या दिशेनं बाहेर येईल त्या लाइनवर लंबगोलाची रुंदी सगळ्यात कमी, आणि त्याला काटकोनात सगळ्यात जास्त. एवढं सांभाळलं की पुली पुलीसारखी दिसते. किती चपटा करायचा? आयसोमेट्रिकमध्ये लांब बाजू आखूड बाजूच्या साधारण पावणेदोन पट असते, म्हणजे ७ला ४. आणि गंमत म्हणजे ३० अंशाची तिरकी लाइन पण ७-४नंच मिळते, ग्राफ पेपरवर ७ घरं आडवी जा आणि ४ घरं वर जा, जवळजवळ ३० अंश. सेट स्क्वेअर घरी ठेवला तरी चालेल.

सगळ्याच गोष्टी आयसोमेट्रिकमध्ये काढायच्या असंही काही नाही. फ्लँज, पुली, कव्हर, गिअर अशा गोष्टी ज्यांचे सगळे गोल एकाच बाजूला तोंड करून आहेत, त्यांना ऑब्लिक काढावं. समोरचा चेहरा जसाच्या तसा, गोल तो गोलच, आणि जाडी ४५ अंशात मागं ढकलायची, खऱ्या जाडीच्या निम्मी. पूर्ण जाडी घेतली तर पार्ट लांबलेला दिसतो. दोन मिनिटांत पुली तयार होते आणि लंबगोलाची कटकटच नाही. माझ्या मते शॉप फ्लोअरवर ऑब्लिकला जेवढी किंमत द्यायला पाहिजे तेवढी कोण देत नाही, परीक्षेत आयसोमेट्रिकला मार्क असतात म्हणून सगळे त्याच्याच मागं. खुर्ची, हँडल, कॅबिन असलं काहीतरी माणसाला दाखवून पटवायचं असेल तर मात्र टू पॉइंट पर्स्पेक्टिव्ह, आणि त्यात व्हॅनिशिंग पॉइंट (लांब जाणाऱ्या लाइनी जिथं मिळतात ते दोन टिंब) कागदाच्या पार बाहेर, लांब लांब धरायचे. जवळ धरले की साधी पेटी पण अंगावर आल्यासारखी दिसते.

आता प्रत्यक्ष जॉब घेऊ, म्हणजे मी काय म्हणतोय ते कळेल. ब्लोअरचं एक गोल बेअरिंग कव्हर तुटून आलंय असं समज, बिडाचं, एका बाजूचा बोल्टचा कान उडालाय, पाच बोल्टचं आहे. हातात घेतलं की लगेच व्हर्नियर लावू नको. आधी दोन मिनिटं नुसतं फिरवून बघ. कुठली बाजू मशिन केलीय, कुठली कास्टिंगचीच आहे, कुठं चकाकतंय म्हणजे घासलंय, सेंटर कुठं आहे, काय कशात बसतंय. मग मनात एक युनिट पकड. समज बेअरिंग बसतं तो बोअर म्हणजे एक युनिट. बाहेरचा व्यास त्याच्या किती पट दिसतो? दोन पट. जाडी? अर्धी. हे डोळ्यानंच, किंवा पेन्सिल जॉबवर धरून अंगठ्यानं खूण करून. कागदावर तो एक युनिट कितीही मोठा घे, बाकी सगळं त्याच्या पटीत आलं की स्केच जॉबसारखं दिसणार म्हणजे दिसणारच. स्केलमध्ये काढायचं नसतं, प्रमाणात काढायचं असतं.

समोरून एक व्ह्यू आणि मधोमध कापलेला एक सेक्शन. गोल पार्टला बहुतेक वेळा एवढंच लागतं, तिसरा व्ह्यू काढून कागद भरू नको. सेक्शनमध्ये कापलेल्या भागावर ४५ अंशाचं बारीक हॅचिंग, म्हणजे तिरक्या रेघा, एकमेकांना लागून असलेल्या दोन पार्टचं हॅचिंग उलट दिशेला. शाफ्ट, बोल्ट, की आणि रिब यांना लांबीतनं कापलं तरी हॅचिंग करत नाहीत. हे नुसतं परीक्षेपुरतं नाही बरं का, रिबला हॅचिंग मारलं की पॅटर्नवाल्याला (कास्टिंगसाठी नमुना बनवणाऱ्याला) वाटतं तिथं भरीव माल आहे आणि तो तसाच पॅटर्न करतो.

आता मापं. पहिली गोष्ट, जे बाजारात रेडिमेड मिळतं ते मोजू नको, त्याचा नंबर वाच. बेअरिंगवर ६२०६ लिहिलंय ना, झालं, बेअरिंगचा आतला बोअर ३० एमएम, बाहेरचा व्यास ६२, रुंदी १६. नंबरचे शेवटचे दोन आकडे गुणिले ५ केले की बोअर मिळतो, ०४पासून पुढच्या नेहमीच्या बेअरिंगला हे चालतं. कव्हरमधली बेअरिंगची जागा तू मोजलीस आणि ६२.१५ आली तर स्केचवर ६२.१५ लिहायचं नाही, ती जागा झिजलीय म्हणून तर गिऱ्हाईक आलंय. ६२ एच७ लिही, म्हणजे ६२ला वर ०.०३ पर्यंत. झिजलेल्या मापाचा जॉब बनवून दिला तर नवीन पार्ट पहिल्या दिवसापासून जुनाच असतो. तसंच बेल्ट असेल तर बी सेक्शन एवढं लिही, बोल्ट असेल तर एम८ आणि लांबी.

पाच भोकांचा पीसीडी, म्हणजे भोकांची सेंटरं ज्या गोलावर बसतात त्याचा व्यास, काढताना सगळे गोंधळतात. चार किंवा सहा भोकं असली की समोरासमोरची दोन मिळतात, पाचाला समोर कोणीच नाही, आणि इथं तर एक कान पण गेलाय. मग शेजारची दोन भोकं घे. दोन्हींच्या बाहेरच्या कडा धरून व्हर्नियरनं माप, समज ६८ आलं. भोक ९चं आहे, ते एकदा वजा कर, सेंटर ते सेंटर ५९. त्याला १.७नं गुण, १००.३. म्हणजे पीसीडी १००, कारण बनवणाऱ्यानं १००.३ ठेवला नसणार. तीन भोकं असतील तर १.७च्या जागी १.१५५. सहा असतील तर शेजारच्या दोन भोकांचं अंतर म्हणजेच पीसीडीचा निम्मा. हे आकडे मी पॅडच्या मागं लिहूनच ठेवलेत. आणि भोकांची रचना आडवीतिडवी असेल, गॅस्केट फेससारखी, तर मापत बसण्यापेक्षा फेसवर कागद दाबून बोटाला थोडं ग्रीस-काजळी लावून कडेवरनं घासून छाप घे, एकास एक आकार मिळतो, मग स्केचवर फक्त नंबर.

आकडे लिहिताना सगळे एकाच फेसपासून दे, शक्यतो मशिन केलेल्या. साखळीसारखे एकापुढं एक दिले की प्रत्येकातली थोडी थोडी चूक बेरीज होत जाते आणि शेवटचं भोक भलतीकडं. आणि कास्टिंग करायचं असेल तर ठळक अक्षरात 'फिनिश साईज' लिही. बीड थंड होताना साधारण एक टक्का आकसतं, पॅटर्नवाला त्याचं माप स्वतः वाढवून घेतो, मशिनिंगला माल पण ठेवतो. तू आधीच वाढवून दिलंस आणि त्यानं परत वाढवलं तर मग लेथवर नुसता बुरादा काढत बसायला लागतंय.

फर्स्ट अँगल, थर्ड अँगल. आपल्याकडं बीआयएसच्या (भारतीय मानक ब्युरो) एसपी ४६ प्रमाणं फर्स्ट अँगल शिकवतात, डावीकडनं बघितलेला व्ह्यू उजवीकडं काढायचा. अमेरिकन मशिनची ड्रॉइंग थर्ड अँगलमध्ये असतात, तिथं डावीकडचा व्ह्यू डावीकडंच, आणि जुनी मशिनं विकत घेणारे लोक ती तशीच घेऊन येतात. सिमेट्रिकल पार्टला काही बिघडत नाही पण ब्रॅकेट असेल तर आरशातला होऊन येतो, एकदम परफेक्ट मापात आणि एकदम निरुपयोगी. सिम्बॉल काढायचा की नाही हा वाद घालण्यापेक्षा स्केचवर व्ह्यूखाली सरळ मराठीत लिही, 'डावीकडून बघून', 'पुलीच्या बाजूनं बघून'. टर्नर आशीर्वाद देतील.

आता तुझा तिसरा प्रश्न, फोटो आणि कॅड असताना कशाला. फोटो काढच, मी पण काढतो, शेजारी पट्टी ठेवून. पण भोक आरपार आहे का अर्धंच हे फोटोत दिसत नाही, आत खांदा आहे का हे दिसत नाही, जवळनं काढला की समोरची बाजू मोठी येते. महत्त्वाचं म्हणजे फोटो काढताना तुला पार्ट समजावाच लागत नाही. स्केच काढताना प्रत्येक लाइनला तुला ठरवावं लागतं की ही कड खरंच कुठं जाऊन थांबते, आणि जिथं हात अडतो तिथंच नेमकं तू बघितलेलं नसतंस. त्यामुळं अडलं की रबर घेऊ नको, पार्ट परत हातात घे. कॅडचंही काम यानं हलकं होतं, कुठला प्लेन पहिला, काय रिव्हॉल्व्ह, काय एक्स्ट्रूड हे कागदावरच ठरलेलं असतं.

स्केचची ताकद किती असते याचा एक जुना किस्सा इंजिनिअरिंगच्या इतिहासात आहे. ग्रेट ब्रिटन नावाच्या जहाजाला बाजूच्या पॅडल चाकांसाठी ३० इंच जाडीचा शाफ्ट पाहिजे होता आणि एवढा फोर्ज करायला (तापवून ठोकून घडवायला) हॅमरच नव्हता. जेम्स नॅस्मिथनं २४ नोव्हेंबर १८३९ला आपल्या वहीत स्टीम हॅमरचं स्केच काढलं. जहाजाला नंतर प्रोपेलर बसवायचं ठरलं, त्या पॅडल शाफ्टची गरज संपली आणि हॅमर वहीतच राहिला. पुढं फ्रान्समधल्या क्रूझोच्या कारखान्याचे लोक त्याच्या शॉपला भेट द्यायला आले, हा नव्हता, त्याच्या पार्टनरनं वही दाखवली. १८४२ला नॅस्मिथ फ्रान्सला गेला तर तिथं हॅमर चालू. हे नॅस्मिथचं म्हणणं, फ्रेंच बाजू म्हणते आमची कल्पना आमचीच. ते काही असो, त्यानं घाईघाईनं त्याच वर्षी पेटंट घेतलं. वहीतलं एक पान बघून लोक मशिन बनवू शकतात यात मात्र दोन्हीकडच्या लोकांना काही नवल वाटलं नाही. (तात्पर्य काढायचंच असेल तर वही पार्टनरच्या हाताला लागू देऊ नये.)

प्रॅक्टिस रोज पंधरा मिनिटं पुरे, पण खऱ्या वस्तूंवर. नुसती रेघांची पानं भरली की आठवड्यात कंटाळा येतो. शॉपमध्ये नट-बोल्टपासून सुरू कर, नटाचे कोपरे ते कोपरे अंतर बोल्टच्या व्यासाच्या साधारण दुप्पट धरायचं, बोल्टच्या डोक्याची जाडी ०.८ पट. मग बुश, मग पुली, मग प्लमर ब्लॉक. वस्तू बघून काढली की दुसऱ्या दिवशी तीच न बघता आठवून काढ, तिथं खरी परीक्षा आहे.

रविवारी घाटावर जाऊन आयर्विन पूल काढ. १९२९चा पूल, एकसारख्या कमानी लांब लांब जातात, पर्स्पेक्टिव्ह शिकायला सांगलीत यापेक्षा चांगली जागा नाही. पहिले दोन खांब अंदाजानं काढ. खांबांच्या वरच्या टोकांची लाइन आणि खालच्या टोकांची लाइन लांब एका पॉइंटला मिळव, आणि पहिल्या खांबाच्या मध्यातनं त्याच पॉइंटला तिसरी लाइन ने. आता पहिल्या खांबाच्या वरच्या टोकापासून दुसऱ्या खांबाच्या मध्यातनं तिरकी लाइन खाली सोड, ती खालच्या लाइनला जिथं लागेल तिथं तिसरा खांब. परत तेच. अंतर आपोआप कमी कमी होत जातं, मनानं अंदाज करायची गरज नाही. हीच युक्ती नंतर तुला शेडचे कॉलम, कन्व्हेअरचे रोलर काढायला कामाला येते. वक्र पृष्ठभागाचा सराव करायचा असेल तर मिरजेत सतारमेकर गल्लीत जाऊन तंबोऱ्याचा भोपळा काढ, बाहेरची कड काढून थांबू नको, पृष्ठभागावरनं उभ्या-आडव्या रेषा अशा फिरव की भोपळा कापला तर काप कसा दिसेल ते कळलं पाहिजे. पंपाचं व्होल्यूट (गोगलगाईसारखं बाहेरचं कवच) काढताना हेच लागतं, आणि पंपांची किर्लोस्करवाडी हाकेच्या अंतरावर असल्यामुळं या भागात पंप काढायची वेळ येणारच.

टर्नर हसतो त्याचं मनाला लावून घेऊ नको, उलट स्केच झालं की पहिलं त्यालाच दाखव आणि विचार, यावरनं जॉब लावशील का. तो जे जे विचारेल ते स्केचवर नव्हतं, ते लगेच त्याच्यासमोर लिही. स्केचच्या कोपऱ्यात गिऱ्हाईकाचं नाव, मशिन, मटेरियल, नग, तारीख आणि एमएम का इंच हे लिहिल्याशिवाय कागद कुणाच्या हातात देऊ नको, जुन्या पंपांचे थ्रेड अजून इंचात असतात आणि डोळ्याला ते कळत नाही, पिच गेज लावायलाच लागतो. फौंड्रीला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचं असेल तर कागद सपाट ठेवून बरोबर वरनं फोटो काढ, सावली पडू देऊ नको, ३ आणि ८ मधला फरक दिसतोय का ते झूम करून बघ, आणि मूळ कागद फाईलला लाव, कारण तेच कव्हर पुढच्या सीझनला परत तुटून येणार आहे.